राजाच्या गालावरचा नवा रंग

मोरेश्वरभाऊ,

काल तिकीटसंग्राहक मंडळानं तुमच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं ठरवलं आणि अध्यक्षांनी घड्याळात बघून सव्वा मिनिटात सगळ्यांना खाली बसवलं. तुम्ही असतात तर माझ्याकडे वाकून म्हणाला असतात, "बरा झाला बाई, चाय गरम भेटंल." चहा गरमच होता.

ज्या मंडळानं दहा वर्षांपूर्वी तुमचं नाव सभासदांच्या यादीतून काढलं, त्याच मंडळानं ही शोकसभा भरवली होती. नाव काढल्याचं पत्र माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं तुम्हाला आलं होतं. त्यानंतरही तुम्ही दर दुसऱ्या रविवारी सालवडहून पालघरला माझ्याकडे येत राहिलात, आणि त्या पत्राबद्दल आपण एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. आज मी बोलते. तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही हा माझा गैरफायदा आहे, पण जिवंतपणी तुम्ही तो मला कधी मिळू दिला नाहीत.

बोलायला निमित्त पार्वतीवहिनींनी दिलं. तुमचे दिवस झाल्यावर त्या आल्या, जुन्या लुगड्यात बांधलेला तुमचा तिकिटांचा आल्बम माझ्या टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "वाचनालयाच्या कपाटात ठेवा. त्यांच्या नावानं. दुसरा काय नको." बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. वाचनालयातलं ते काचेचं कपाट मंडळाचं आहे. आणि मंडळाच्या इतिवृत्तात तुमच्या नावापुढे 'फसवणूक' असा शब्द आहे. तो शब्द तिथे आहे तोवर तुमचा आल्बम कपाटात जाणार नव्हता. वहिनींना हे माहीत होतं. तो शब्द कोणाच्या अक्षरात आहे, हेही माहीत होतं. म्हणून तर त्या अध्यक्षांकडे न जाता माझ्याकडे आल्या.

तुम्ही पहिल्यांदा शाळेत आलात तेव्हा मी तुम्हाला रद्दीवाला समजले होते. कोठीची खोली रिकामी करायची होती आणि मुख्याध्यापकांनी ती जबाबदारी इतिहासाच्या शिक्षिकेवर टाकली होती. जुनं म्हणजे इतिहास, असा त्यांचा समज. दारात खाकी शर्टातला माणूस उभा, उजवा हात मनगटापर्यंत जांभळा. मी म्हटलं, "रद्दी आत आहे. वजन शिपायासमोर करा."

"रद्दी नको बाई," तुम्ही म्हणालात. "राजा पायजे."

मग आपण दोघं ती दुपारभर कोठीत बसलो. शाळा तपासनिसांची स्वातंत्र्यापूर्वीची पाकिटं एकेक करून तुम्ही उजेडाला धरत होतात. मला राजांचं काही कौतुक नव्हतं. मुलांकडून ज्यांच्या सनावळ्या पाठ करून घ्याव्या लागतात, त्यांच्याबद्दल शिक्षकाला ममत्व राहत नाही. तुम्ही मात्र त्यांना तुमच्या गावच्या, एडवणमधल्या शेजाऱ्यांसारखं ओळखत होतात. राणी ही 'म्हातारी बाय'. तिचा मुलगा 'टकल्या'. नातू 'दाढीवाला' आणि पणतू 'गुळगुळीत'. सबंध साम्राज्य तुम्ही चार टोपणनावांत आटोपलं होतंत. मी पाठ्यपुस्तकातल्या त्याच काळाला अडीच महिने लावत असे.

आपलं पहिलं भांडण तिथेच झालं. मी म्हटलं, "तुमचे आजोबा-पणजोबा समुद्रावर जाळी टाकत होते, या लोकांनी त्यांना कधी ढुंकून पाहिलं नाही. आणि तुम्ही यांचे चेहरे चिमट्यानं उचलून जपता?" तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "मी राजा जमवत नाय बाई. मी लाल जमवतो."

ते मला कळायला वर्ष गेलं. बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात तुमचं काम छटा जुळवायचं होतं. गिऱ्हाइकानं कापडाची चिंधी पाठवायची आणि तुम्ही तिच्याशी तंतोतंत जुळणारा रंग घोटून द्यायचा. शिकलेले केमिस्ट आकडे काढायचे आणि शेवटी चिंधी तुमच्याकडे आणायचे. त्याच डोळ्यानं तुम्ही तिकिटं लावली होतीत. बाकीचे संग्राहक सालाप्रमाणे लावतात, तुम्ही छटेप्रमाणे. एक आण्याच्या एकाच किरमिजी तिकिटाच्या तुमच्याकडे ओळीनं अकरा प्रती होत्या, एकच राजा, एकच मुकुट, आणि मला अकराही सारख्या दिसत होत्या. तुम्ही मला माझ्या घरातल्या उत्तरेच्या खिडकीशी बसवलंत, सकाळी नऊच्या आत, कारण "ट्यूबलाइटखाली लाल रंग खोटा बोलतो." तिसऱ्या रविवारी मला दोन लाल वेगळे दिसले. सहाव्या रविवारी सात.

"हा बघा," तुम्ही एका तिकिटावर चिमटा टेकवून म्हणालात. "हितं शाई जड झाली. छापखान्यात माझ्यासारखाच कोणतरी असंल. सोमवार असंल, झोप पुरी झाली नसंल, घोटताना हात जड पडला. राजाला काय ठाव? साहेबाला पण नाय ठाव. मला ठाव हाय."

इतिहासाची पदवी घेऊन मी वीस वर्षं शिकवत होते, आणि राजाच्या चित्रात शाई कालवणारा माणूस दिसू शकतो हे मला बोईसरच्या एका कामगाराकडून कळलं. याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. उलट म्हटलं, "याला पुरावा काय?" तुम्ही हसलात. पुढे बाजारपेठेतल्या दुकानात लुगडं घेताना मी दुकानदाराला ते भर रस्त्यावर उजेडात धरायला लावायची, तेव्हा तो वैतागून म्हणायचा, "बाई, तुम्हाला कोणी शिकवलं हे?" मी तुमचं नाव सांगायची. एवढेच काय ते आभार.

मंडळात तुम्हाला मी आणलं. सतरा पुरुष आणि मी, अशी ती संस्था. इतिवृत्त लिहिणं हे कोणाही पुरुषाला शोभण्यासारखं काम नसल्यानं मी चिटणीस होते आणि अजून आहे. अध्यक्ष वकीलसाहेब; त्यांनी तुमच्या बोटांकडे बघून विचारलं, "तिकिटं हाताळण्यापूर्वी हात धुता ना?" तुम्ही म्हणालात, "धुतो साहेब. तुमच्यावाणी रुमालाला नाय पुसत." तुम्हाला मंडळात दोनच माणसं आवडली, मी आणि म्हातारे डॉक्टर, आणि डॉक्टरही अर्धवटच, कारण ते तिकीट बघताना खोकायचे.

आता त्या तिकिटाकडे येते.

तुमचे वडील बोटीवर खलाशी होते. कराचीहून त्यांनी कोणाकडून तरी लिहवून घेऊन एक पत्र पाठवलं, आणि त्यानंतर ना पत्र आलं ना ते. तुमच्या आईला वाचता येत नव्हतं. तिनं पत्र पेटीत ठेवलं आणि पाकीट एडवणच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर कोपऱ्यातून खिळा मारून लावलं, येता-जाता दिसावं म्हणून. चाळीस वर्षं दारातून येणारं ऊन त्याच्यावर पडत राहिलं. आई गेल्यावर तुम्ही ते सालवडला आणलंत, तेव्हा एक आण्याचा 'गुळगुळीत' राजा न शिजवलेल्या कोलंबीसारखा झाला होता.

तुम्ही म्हणालात, "याला रंग देतो."

आपलं दुसरं भांडण, आणि हे अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, तिकिटाला हात लावणं म्हणजे दस्तऐवजात फेरफार. तुम्ही म्हणालात, "पावसाळ्यात होडी वर ओढतो. नारळी पुनवेच्या आदी तिला रंग देतो. दर वरसाला. होडी काय खोटी झाली?"

"होडीला उद्या समुद्रात जायचं असतं," मी म्हटलं. "तिकिटाचं जाऊन झालंय."

तुम्ही पाकीट उचलून उजेडाला धरलंत. मग म्हणालात, "मंजे बापाला असाच फिका ठेवायचा?"

मी चहा टाकायला उठले. पण माझं म्हणणं मी बदललेलं नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते.

दोन रविवार तुम्ही सालवडच्या तुमच्या ओट्यावर बसून ते काम केलंत. मी नको म्हणत होते आणि बघायलाही आले होते. कडेला, जिथे पाकिटाची घडी तिकिटावर दुमडली होती, तिथे उन्हापासून वाचलेली केसाएवढी पट्टी शिल्लक होती. त्या पट्टीवरून तुम्ही मूळ रंग काढलात. चार केसांचा ब्रश, डोळ्याला भिंग. कागदाला रंग लागता कामा नये, फक्त छापलेल्या रेषेला. शेजारच्या खोलीतला तुमचा कारखान्यातला सोबती येता-जाता थांबून म्हणाला, "क्या दादा, अंग्रेज को होली खेला रहे हो?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "होली नहीं भैया, हल्दी." दुसऱ्या रविवारी दुपारपर्यंत राजाच्या गालावर चाळीस वर्षांपूर्वीची लाली आली. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "सासूबाय असत्या तर दिष्ट काडली असती."

त्या वर्षी मंडळानं प्रदर्शन भरवलं. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, पंख्यामुळे समई पेटेना, आणि पंखा बंद केला तर पाहुण्यांना घाम. शेवटी एका सभासदानं समईभोवती शालीचा आडोसा धरला. ती शाल पाहुण्यांना द्यायची होती. सगळ्या तक्त्यांवरच्या ओळी सुवाच्य अक्षरात लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडे. तुम्ही तुमच्या तिकिटासाठी पेन्सिलीनं कागदाच्या चिटोऱ्यावर तीन ओळी लिहून दिल्या होत्या. एक आणा, किरमिजी. कराचीहून एडवणला. रंग मी दिला आहे.

मी पहिल्या दोन ओळी लिहिल्या. तिसरी गाळली.

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मनाला मी सांगितलं की लोक तुम्हाला हसतील, म्हणून गाळली. ते खरं नाही. तुम्हाला मंडळात मी आणलं होतं, आणि ती ओळ वाचून वकीलसाहेब माझ्याकडे बघून हसले असते, याची मला भीती होती. ढोंगी मानमरातबाची टिंगल करत मी आयुष्य काढलं, आणि एका वकिलाच्या हसण्याला घाबरले.

परीक्षक मुंबईहून आले होते. तक्त्यांवरून भिंग फिरवत ते तुमच्या तिकिटापाशी थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही छटा मी आजवर पाहिलेली नाही. फार दुर्मिळ." त्यात चूक काही नव्हती. ती छटा दोन महिन्यांपूर्वी सालवडला तयार झाली होती. पहिलं बक्षीस तुमचंच, हे नक्की दिसत होतं. वकीलसाहेबांनी तर तुमच्या खांद्यावर हातही ठेवला, मनगटं न बघता.

तुम्ही म्हणालात, "साहेब, तो रंग माझा हाय."

"म्हणजे तिकीट तुमचंच ना?"

"तिकीट बापाचा. रंग माझा. मी दिला, ब्रशानं."

परीक्षकांनी भिंग खाली ठेवलं. मग वकीलसाहेबांनी हात काढून घेतला आणि विचारलं, "मग हे लिहिलं का नाही?"

तुम्ही तक्त्याकडे पाहिलंत. दोन ओळी वाचल्या. मग माझ्याकडे पाहिलंत, एकदाच, जेवढा वेळ तुम्हाला दोन लाल ओळखायला लागतो तेवढाच. आणि वकीलसाहेबांना म्हणालात, "सांगायचा राहिला साहेब."

मी तिथे चार पावलांवर उभी होते. मी काही बोलले नाही.

त्याच संध्याकाळी कार्यकारिणी बसली. वकीलसाहेब ठराव सांगत होते, मी लिहीत होते. एका जागी मी थांबून विचारलं, "फसवणूक हाच शब्द घालायचा?" ते म्हणाले, "मग काय, रंगरंगोटी घालता?" सगळे हसले. मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशीही नेहमीसारखंच सुरेख आलं आहे. काल पुन्हा बघितलं.

पत्र तुम्हाला पोचल्यानंतरच्या रविवारी तुम्ही येणार नाही असं मी धरून चालले होते. तुम्ही आलात. वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेत आणि म्हणालात, "खिडकी उघडा बाई, उजेड चाललाय." मी वाट बघत होते की तुम्ही विषय काढाल, म्हणजे मला माफी मागता येईल. माफी मागायलाही समोरच्यानं सुरुवात करून द्यावी, अशी माझी अपेक्षा. तुम्ही नव्या निळ्या तिकिटाबद्दल बोलत राहिलात. दहा वर्षं असे रविवार गेले. आपण भांडलो, चहा प्यायलो, तुमच्या मुलीच्या लग्नात मी एडवणला येऊन तीन दिवस राहिले. ते पत्र तेवढं मध्ये कधी आलं नाही.

वहिनींनी आणलेला आल्बम मी परवा पहिल्या पानापासून पाहिला. म्हातारी बाय, टकल्या, दाढीवाला, गुळगुळीत. वडिलांचं पाकीट. त्याखाली तुमच्या पेन्सिलीत त्याच तीन ओळी, पूर्ण. आणि सगळे राजे संपल्यावर शेवटच्या पानावर, इतरांसारखंच चार कोपऱ्यांत नीट बसवलेलं, मंडळाचं ते पाकीट, माझ्या अक्षरातल्या पत्त्याचं. खाली तुम्ही लिहिलंय: पालघर. शिक्का ठळक. शाई शाबूत.

एवढंच. रागाचा एक शब्द नाही आणि माफीचाही नाही. संग्राहकानं जे बघायला हवं ते बघितलंत आणि नोंदवलंत. मी ते पान मिटलं आणि शोकप्रस्तावाचा माझा मसुदा फाडला. त्यात 'कै. मोरेश्वर यांच्या निधनाने पोकळी निर्माण झाली आहे' असं एक वाक्य होतं. तुम्ही ते वाचून कुठली पोकळी, किती फुटांची, असं विचारलं असतंत.

तर काल. सव्वा मिनिटानंतर सगळे बसले आणि वकीलसाहेब म्हणाले, "आता चिटणीसबाई प्रस्ताव वाचतील." मी उभी राहिले आणि प्रदर्शनाच्या दिवशी काय झालं ते क्रमानं सांगितलं. तीन ओळी, त्यातली एक मी गाळली, का गाळली. तुम्हाला कोणी विचारलं नसताना, बक्षीस हातात येत असताना, तुम्ही स्वतः सांगितलंत हेही. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, ही शोकसभा आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं. "एरवी विषय निघत नाही."

"जुना ठराव आता खोडता येत नाही."

"मी खोडत नाही. माझंच अक्षर आहे, राहू दे तिथे. नव्या पानावर लिहिते." आणि तिथेच टेबलावर बसून लिहिलं, की तो शब्द चुकीचा होता, चूक चिटणीसाची होती, आणि हा संग्रह त्यांच्या नावानं कपाटात ठेवावा. मग मोठ्यानं वाचलं. पहिला हात डॉक्टरांचा वर आला, खोकत. मग एकेक करून बाकीचे. वकीलसाहेबांनी हात दोनदा मोजले. स्वतःचा वर केला नाही, पण ठरावावर सही केली, आणि सहीवर तारीखही घातली. तेवढं श्रेय मी त्यांना देते.

पार्वतीवहिनी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. सभा उठल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. मी तोंड उघडण्याआधी त्याच म्हणाल्या, "आमाला ठाव होता, बाई. त्याच राती घरी येऊन बोलले ते."

"मग इतकी वर्षं मला काही बोलले कसे नाहीत?"

"मी पण तेच बोलली त्यांना. तर बोलले, बाई सांगतील. घाई नाय."

घाई नव्हती तुम्हाला, मोरेश्वरभाऊ. असायला हवी होती. तुमच्या सगळ्या स्वभावात मला खटकणारी ही एकच गोष्ट आहे, आणि आता तिच्यावर भांडायला तुम्ही नाही.

आल्बम कपाटात ठेवण्यापूर्वी डॉक्टरांनी तो खिडकीशी नेला. भिंग लावून वडिलांचं तिकीट बराच वेळ पाहिलं, मग आल्बम तिरका धरून पाहिलं, मग मला बोलावलं. म्हणाले, "बाई, यात नवा रंग कुठं आहे? मला तर काही दिसत नाही."

"दिसत नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "म्हणूनच ते लिहावं लागतं."